मोटार रिवाइंडिंग आणि नवरीचा मेकअप

पुण्याच्या कार्यशाळेहून परतल्यावर बिराजदार सरांनी सगळ्यात आधी ऑफिसातल्या फळ्यावर 'पॅकेज' असा शब्द लिहिला आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. मग ते खुर्चीत बसून त्या शब्दाकडे बघत राहिले. समोर श्रीदेवी हत्तुरे उभी होती. तीही बघत राहिली.

"काय दिसतं, मॅडम?"

"पॅकेज, सर."

"अजून?"

"दोन रेघा."

सरांनी सुस्कारा टाकला. पुण्यात हे सगळ्यांना लगेच कळलं होतं.

निंगप्पा बिराजदार हे सोलापुरातल्या एका शिक्षणसंस्थेच्या निरंतर शिक्षण केंद्राचे संचालक होते आणि श्रीदेवी समन्वयक. केंद्रात माणसं ही दोनच. बाकी एक संगणक, एक कूलर आणि ज्यांचं शिक्षण मध्येच सुटलं त्यांनी घरबसल्या मोबाइलवर शिकावेत असे पुष्कळसे अभ्यासक्रम. अभ्यासक्रम पुष्कळ होते, शिकणारे नव्हते. फक्त 'नवरीचा मेकअप' तेवढा भरभरून चालायचा. तो शिकवणाऱ्या हुसेनबी मॅडमचं विजापूर वेशीत पार्लर होतं आणि त्यांच्या हातची नवरी तिच्या सख्ख्या आईलाही ओळखू येत नाही, अशी त्यांची ख्याती होती. बाकी ठिबक सिंचन, बेकरी, मोटार रिवाइंडिंग वगैरे अभ्यासक्रमांना बोटांवर मोजण्याइतकी माणसं होती, आणि तीही एका हाताच्या. संस्थेनं कळवलं होतं की दिवाळीपर्यंत आकडे सुधारले नाहीत तर केंद्र बंद. श्रीदेवीची नेमणूक कंत्राटी होती. केंद्र बंद म्हणजे ती घरी, आणि घरी म्हणजे आईच्या तावडीत. आई गेली दहा वर्षं तिच्यासाठी स्थळं बघत होती.

"संबंधित अभ्यासक्रम एकत्र बांधायचे," सर म्हणाले. "एक घेतला की दुसरा आपोआप. पुण्यात सगळे हेच करतात. फक्त अट एकच, ते एकमेकांशी संबंधित पाहिजेत."

श्रीदेवीनं घरून विचार करून आणला होता. "मेकअपबरोबर मेंदी आणि ब्लाउज शिलाई देऊ, सर. मोटारीबरोबर ठिबक सिंचन."

"मोटारीला किती माणसं आहेत?"

"तीन."

"आणि ठिबकला?"

"दोन. त्यातला एक मोटारीतलाच आहे."

"म्हणजे उपाशी माणसाशेजारी उपाशी माणूस बसवायचा आणि त्याला पंगत म्हणायचं!" सर उठले. "जेवण आहे कुठं? मेकअपमध्ये. मोटार बांधायची तर मेकअपला बांधली पाहिजे."

"पण सर, त्यांचा संबंध काय?"

सर खिडकीपर्यंत गेले, बाहेरचं ऊन बघून परत आले. "हेअर ड्रायरमध्ये काय असतं, मॅडम?"

"हवा."

"ती येते कुठून? मोटारीतून. ऐन मुहूर्ताच्या वेळी ती मोटार जळली तर नवरीनं ओल्या केसांनी बोहल्यावर चढायचं का?"

श्रीदेवीनं थोडा विचार केला. "मेकअपवाल्यांना मोटार लागेल, मान्य आहे. पण मोटारवाल्यांना मेकअप कशाला?"

"का? त्यांच्यात लग्नं होत नाहीत?"

तिनं संगणक चालू केला. पॅकेजचं नाव सरांनी स्वतः ठेवलं : 'शक्ती-शृंगार'.

संगणकावर सगळं भरून झाल्यावर शेवटी एक चौकट आली. 'हे पॅकेज कोणाला लागू करायचे? नवीन विद्यार्थी की सर्व विद्यार्थी?' श्रीदेवीचा हात थांबला. सर तिच्या खांद्यावरून वाकून बघत होते.

"सर, आधीच्यांना कशाला? त्यांनी मागितलेलं नाही."

"शिक्षण सर्वांसाठी असतं, मॅडम," सर म्हणाले.

तिनं 'सर्व' दाबलं.

परिणाम ताबडतोब दिसला. मेकअपचा प्रत्येक माणूस मोटारीत मोजला गेला आणि मोटारीचा मेकअपमध्ये. मोटार रिवाइंडिंगला एका दुपारीत इतके विद्यार्थी मिळाले, की तो विषय शिकवणारे आयटीआयचे निवृत्त निदेशक फोन करून विचारू लागले, कुठली दंगल वगैरे झालीय का. सरांनी आलेख रंगीत छापून घेतला आणि संस्थेचे अध्यक्ष अण्णा यांच्याकडे पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी सरांनी घरून शेंगापोळ्या आणल्या. श्रीदेवीनं दोन खाल्ल्या. तिसरी हातात असताना फोन वाजला.

"हॅलो, कालिज का?"

"बोला."

"मी कोंडीबा बोलतोय, पारेवस्तीवरनं. मोटारीच्या कोर्सवाला. बाई, माज्या मोबाइलवर एका बाईमाणसाचं त्वांड आलंय."

"कसलं तोंड?"

"अर्धं रंगवलेलं. खाली लिवलंय, उरलेलं अर्धं तुमी करा."

श्रीदेवीनं पोळी खाली ठेवली. "तो मेकअपचा धडा आहे, मामा."

"आसंल की. पर माजा मोटारीचा धडा कुटं गेला?"

"तोही आहे. दोन्ही करायचे. दोन्ही झाल्यावरच सर्टिफिकेट मिळेल."

"दोन्ही? ते कशापायी?"

श्रीदेवीनं सरांकडे बघितलं. सर आलेखाकडे बघत होते. "हेअर ड्रायरमध्ये मोटार असते," ती म्हणाली.

पलीकडे कुठंतरी पाणी पडत असल्याचा आवाज येत होता. "आसती की," कोंडीबा म्हणाला. "पर आमच्याकडं हाय ती पाच हार्सपावरची हाय, बाई. तिनं केस वाळत न्हाईत. भिजत्यात."

कोंडीबाचं प्रकरण साधं नव्हतं. टेंभुर्णीच्या पुढं, उजनी धरणाच्या पाण्याकाठी त्याची थोडी केळी होती. वय पन्नाशीच्या पुढं. त्याची मोटार वर्षातून दोनदा जळायची आणि तिची तार नव्यानं भरून आणायला ती डोक्यावर घेऊन टेंभुर्णीला हेलपाटे घालण्यात त्याची निम्मी हयात गेली होती. आता गावातल्या उपसा सिंचन संस्थेला पंप ऑपरेटर हवा होता. पगारी जागा, सावलीतलं काम. अट एकच, मोटारीचं सर्टिफिकेट पाहिजे. दसरा झाला की मुलाखत होती.

श्रीदेवीनं सॉफ्टवेअरवाल्या कंपनीला हैदराबादला फोन लावला. तिथला मुलगा फार नम्र होता. तो म्हणाला की पॅकेज सोडता येतं, काही अडचण नाही. फक्त त्यासाठी आधी सगळे विद्यार्थी बाहेर काढावे लागतात. मग त्यांनी पुन्हा यायचं.

"बाहेर काढल्यावर आकडा किती दिसेल?" बिराजदार सरांनी विचारलं.

"शून्य."

"शून्य?" सरांनी आलेख उलटा करून ठेवला. "अण्णांच्या हातात तो कागद आहे, मॅडम. आता एकच मार्ग. सगळ्यांना दोन्हीत पास करायचं."

त्यानंतर केंद्राचा फोन दिवसभर वाजू लागला. मेकअप शिकणाऱ्या बायकांना प्रात्यक्षिक म्हणून घरातली एखादी मोटार उघडून पुन्हा जोडायची होती. बाळे भागातल्या एका सुनेनं सासूचा चांगला चालणारा मिक्सर उघडला. सासूनं लेखी तक्रार केली. सुनेनं मिक्सर जोडून, चालू करून दाखवला. तो चालत होता, पण उलटा फिरत होता, त्यामुळे चटणी वाटली न जाता नुसतीच एका भांड्यात फेऱ्या मारत होती. निदेशकांनी तिला पन्नास टक्के गुण दिले.

इकडे पारेवस्तीवर कोंडीबानं बायकोला, म्हणजे बजाबाईला, मेकअपसाठी बसवलं. ती सहजासहजी बसली नव्हती. "लगीन झालं तवा हळदीबिगर काय लावलं न्हाई आन आता सून यायच्या वक्ताला मला नवरी करताय व्हय?" असं ती म्हणाली होती. पण जागा पगारी होती, म्हणून ती डोळे मिटून बसली. अडचण अशी झाली की कोंडीबानं मोटारीचा आणि मेकअपचा, दोन्ही धडे एकाच दुपारी बघितले होते. मोटारीच्या धड्यात सांगितलं होतं की वार्निश लावल्यावर ते चांगलं कडक वाळू द्यावं. कोंडीबानं बजाबाईच्या तोंडाला पहिला थर दिला आणि तिला उन्हात बसवलं. तासाभरानं बोटानं टकटक करून बघितलं. मग दुसरा थर दिला.

याचा व्हिडिओ त्यानं केंद्राला पाठवला. निदान त्याची तशी समजूत होती. तो गेला केळी बागायतदारांच्या ग्रुपवर. पहिल्यांदा कुणाला काही कळेना. मग एकानं विचारलं, 'हा कोणता रोग आहे?' दुसऱ्यानं बुरशीनाशकाचं नाव आणि पंधरा लिटर पंपाला किती घालायचं ते कळवलं. तिसऱ्यानं मात्र ओळखलं. 'ह्या तर आमच्या बजाकाकू.'

बजाबाईनं तोंड धुतलं आणि नवऱ्याशी बोलणं बंद केलं. भाकरी वाढायची, पण ताट ठेवताना जरा वरूनच सोडायची. तोच व्हिडिओ शेवटी केंद्राकडे पोचला तेव्हा हुसेनबी मॅडमनी तो तीनदा बघितला आणि शेरा लिहिला, 'नापास. एक भुवई टेंभुर्णीला चालली, दुसरी करमाळ्याला.'

कोंडीबाचा पुन्हा फोन आला. या वेळी तो तक्रार करत नव्हता, म्हणून श्रीदेवीला जास्त वाईट वाटलं.

"बाई, मोटारीच्या परीक्षेत मला चांगलं मार्क पडल्यात. नुसत्या त्वांडापायी आडलंय. बायकू बसंना. गावातल्या दुसऱ्या बायका कशा बसतील? मला हाणत्याल."

"मुलाखत कधी आहे, मामा?"

"आली की आता. जाऊ द्या. आमच्या नशिबात टेंभुर्णीच हाय."

फोन ठेवल्यावर तिला 'सर्व' हा शब्द डोळ्यांसमोर दिसू लागला. बोट तिचं होतं. ती सरांना काही न बोलता उठली आणि विजापूर वेशीत जाऊन हुसेनबी मॅडमना म्हणाली, "आपण तिकडं जाऊन परीक्षा घेऊ या. तुम्ही शिकवा, तो करील."

"हौ, पन तोंड किसका?" हुसेनबींनी विचारलं.

"तिथं गेल्यावर बघू."

दोघी एसटीनं टेंभुर्णीला आणि तिथून एका केळीच्या टेम्पोनं पारेवस्तीला पोचल्या. पाण्याच्या काठाला मोटारीची खोली होती. तिच्या सावलीत कोंडीबानं खुर्ची मांडून ठेवली होती. परीक्षा म्हणून तो अंघोळ करून, नवा पांढरा सदरा आणि कडक टोपी घालून आला होता. बजाबाई थोड्या अंतरावर विळ्यानं केळीची वाळलेली पानं कापत होती. तिनं पाहुण्यांना पाणी दिलं, नवऱ्याकडे पाठ केली आणि पुन्हा कापू लागली.

"बजाबाई, एकदाच बसा ना," श्रीदेवी म्हणाली.

"मी न्हाई बसायची. परत म्हून त्वांड दावणार न्हाई मी त्या मोबाइलला. औषिद फवारा म्हनली मान्सं."

हुसेनबींनी पिशवीतून ब्रश, डब्या, एक लाल साडी, मुंडावळ्या आणि नकली दागिने काढून ओळीनं मांडले. मग खुर्चीकडे बघितलं, मग श्रीदेवीकडे. "मैं तो परीक्षक है. अब रह्या कौन? तूच बैठ की गे."

श्रीदेवीनं आजूबाजूला बघितलं. पाणी होतं, केळी होत्या, एक बगळा होता. ती बसली.

कोंडीबानं श्रीदेवीच्या चेहऱ्याला बोट लावलं नाही. चालू वायरीजवळ जावं तसा तो लांबून, हात पूर्ण ताणून, ब्रशच्या टोकानं काम करत होता. "ह्यो थर कवा वाळायचा?" तो मधूनच विचारी. "वाळाना नक्को! मिलाना!" हुसेनबी ओरडत. "भुवई बघ, बाबा. दोन्ही एकच गाव को जाना." बजाबाईचं पानं कापणं हळूहळू मंदावलं. मग ती विळा हातात घेऊनच जवळ आली आणि कोंडीबाच्या मागं उभी राहिली. "डावीकडं जास्ती झालं," ती म्हणाली. नवऱ्याशी ती कित्येक दिवसांनी बोलत होती. कोंडीबानं डावीकडचं पुसलं.

काम मन लावून चाललं होतं. लाल साडीचा पदर, कपाळावर बिंदी, नाकात नथ, डोक्याला मुंडावळ्यासुद्धा. प्रात्यक्षिकाचं चित्रीकरण करण्यासाठी श्रीदेवीचाच मोबाइल विटांवर टेकवून ठेवलेला होता. तो वाजला.

त्याच वेळी सोलापुरात संस्थेच्या कार्यकारिणीची बैठक चालू होती. बिराजदार सर पॅकेजच्या यशाबद्दल बोलत होते. अण्णा सुताचे जुने व्यापारी. माल हातात घेतल्याशिवाय भाव बोलायचा नाही ही त्यांची सवय. ते म्हणाले, "आकडे राहू द्या, बिराजदार. काम करणारं कुणी दाखवा." सर अडले. मग त्यांना वाटलं, हत्तुरे मॅडम ऑफिसात असतील, निदान त्यांना तरी दाखवू. त्यांनी भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला जोडलेल्या लॅपटॉपवरून श्रीदेवीला व्हिडिओ कॉल लावला.

"उठाऊ क्या?" हुसेनबींनी विचारलं आणि उत्तर यायच्या आत हिरवं बटण दाबलं.

कार्यकारिणीच्या भिंतीवर एक नवरी उगवली. तिच्या शेजारी पांढऱ्या सदऱ्यातला, टोपीवाला एक गृहस्थ घाम पुसत उभा होता. मागे हातात विळा घेतलेली एक बाई होती. त्यांच्या मागे पाणी.

बैठकीतल्या सगळ्यांनी माना वर केल्या. "या आपल्या हत्तुरे मॅडमच ना?" कुणीतरी हळूच विचारलं.

उजनीच्या काठाला रेंज अशी होती की चित्र जात होतं, आवाज जात नव्हता. "सर, मी नवरी नाही!" श्रीदेवी ओरडून सांगत होती. "हे प्रात्यक्षिक आहे!" पडद्यावर तिचे ओठ हलत होते आणि ती जोरजोरानं दोन्ही हात हलवत होती. "लाजतेय पोर," खजिनदार म्हणाले.

अण्णा खुर्चीतून उठले. त्यांनी पडद्याकडे बघून दोन्ही हात वर केले आणि आशीर्वाद दिला. मग सरांकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "वय जरा जास्त वाटतं. पण माणूस कष्टाळू दिसतोय. तुम्हाला माहीत होतं का, बिराजदार?"

बिराजदार सरांनी तो टोपीवाला बजाबाईच्या व्हिडिओत बघितला होता, त्यामुळे त्यांना एका क्षणात पुष्कळ विचार करावा लागला. खरं सांगायचं तर ती नवरी का आहे ते सांगावं लागणार, मग तो माणूस मोटारीचा विद्यार्थी असून मेकअप का करतोय ते सांगावं लागणार, आणि मग आकडे. "हो, अण्णा," ते म्हणाले. "अचानक ठरलं."

कार्यकारिणीनं श्रीमती हत्तुरे यांच्या विवाहाबद्दल अभिनंदनाचा ठराव सर्वानुमते मंजूर केला आणि चहा मागवला.

श्रीदेवी संध्याकाळी घरी पोचली तेव्हा दार उघडंच होतं. तिची आई शिवम्मा जमिनीवर बसली होती. शेजारच्या चार बायका तिला धरून होत्या.

"यव्वा!" शिवम्मानं लेकीकडे न बघताच सुरुवात केली. "दहा वर्षं मी हिला स्थळं दाखवली. इंजिनिअर दाखवला, शिक्षक दाखवला. आणि हिनं केळीच्या बागेत जाऊन केलं! आईला एक फोन नाही!"

"आई, काहीही झालेलं नाही. परीक्षा होती."

"परीक्षाच की माझी! खजिनदारांच्या बायकोनं सांगितलं. त्यांनी डोळ्यांनी बघितलं. ठराव झालाय!"

"तो माझा विद्यार्थी आहे."

हे ऐकून शेजारच्या बायकांनी शिवम्माला आणखी घट्ट धरलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिच्या टेबलावर आहेर होता. सोलापुरात लग्नाला काय द्यायचं हा प्रश्न कुणाला पडत नाही, त्यामुळे सगळ्यांनी चादरी दिल्या होत्या. चादरींची थप्पी इतकी उंच होती की तिच्यामागे बसलेले बिराजदार सर दिसत नव्हते, आणि त्यांना तेच बरं वाटत असावं.

"सर, तुम्ही सांगितलं का नाही?"

"दिवाळीपर्यंत चालवून घ्या, मॅडम," थप्पीमागून आवाज आला. "नंतर पटलं नाही म्हणून सांगू. हल्ली होतं असं."

"आणि हे काय आहे?" तिच्या हातात संस्थेचं पत्र होतं. स्नेहसंमेलनात अण्णांच्या हस्ते नवदांपत्याचा सत्कार ठेवला होता. श्रीमती हत्तुरे यांनी पतीसह उपस्थित राहावं.

सरांनी थप्पीवर आणखी एक चादर ठेवली.

श्रीदेवी पत्र घेऊन सरळ अण्णांच्या पेढीवर गेली. वाटेत तिनं मनाशी ठरवलं, की नोकरी जाईल तर जाऊ दे. अण्णा सुताची लड बोटांत धरून बघत होते. तिनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पॅकेज, बटण, कोंडीबा, उन्हात वाळलेली बजाबाई, विटांवरचा मोबाइल. अण्णांची बोटं लडीवरच फिरत होती.

"म्हणजे तुमचं लग्न झालेलं नाही," शेवटी ते म्हणाले.

"नाही, अण्णा."

"आणि विद्यार्थी वाढलेले नाहीत."

"नाहीत."

"यातलं बिराजदारांना काय काय ठाऊक होतं?"

"दोन्ही."

अण्णांनी लड खाली ठेवली. "विद्यार्थ्यांचं निस्तरता येईल. पॅकेज सोडा. शून्य दिसलं तर दिसू दे, खऱ्या शून्याला मी घाबरत नाही. ज्याला जे शिकायचं ते शिकू दे, उरतील त्यांच्यावर केंद्र चालवू." ते थांबले. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पण लग्नाचं अवघड आहे. ते इतिवृत्तात गेलंय."

"पण ते झालंच नाही ना."

"झालं नाही हे खरं. पण आमच्याकडं मंजूर झालंय. मंजूर गोष्ट तशीच सोडता येत नाही, मॅडम. रीतसर मागं घ्यावी लागते."

पॅकेज सुटलं. आकडा शून्य झाला आणि श्रीदेवी संगणकासमोर बसून राहिली. दुपारपर्यंत एकही माणूस परत आला नाही. मग एकेक नाव उमटू लागलं. मेकअपवाल्या बायका सगळ्या आल्या. त्यातल्या बऱ्याच जणींनी मोटारही आपणहून घेतली. बाळे भागातल्या त्या सुनेला तर सासूनंच बसवलं होतं. 'आता सरळ फिरवायला शिकूनच ऊठ,' असं ती म्हणाली होती. मोटार रिवाइंडिंगला पहिल्या तिघांऐवजी खरे एकोणीस विद्यार्थी झाले. सरांनी त्याचा आलेख काढला नाही.

कोंडीबाला मोटारीचं सर्टिफिकेट वेळेत मिळालं आणि पंपावरची जागाही. हे सांगायला त्यानं फोन केला, पण फोन त्यासाठी नव्हता.

"बाई, त्या दुसऱ्या विषयाचं काय झालं?"

"तो आता करायची गरज नाही, मामा."

"गरज न्हाई ते खरं. पर येवढं केलं तर निकाल सांगा की."

श्रीदेवीनं हुसेनबींचा शेरा वाचून दाखवला. "पास. हात हलका आहे. भुवया एकाच गावाला गेल्या."

"बजाबाई बोलाय लागली," कोंडीबा म्हणाला. "म्हनली, बाहेरच्या बाईला आसं झ्याक केलं आन मला का म्हून उन्हात वाळवलं?"

"मग?"

"मग काय. परत बसवली की. सावलीत."

स्नेहसंमेलनाच्या आधी कार्यकारिणीची बैठक झाली. श्रीमती श्रीदेवी हत्तुरे यांचा मागील सभेत मंजूर झालेला विवाह रद्द करण्यात यावा, असा ठराव मांडण्यात आला. सूचक म्हणून निंगप्पा बिराजदार यांचं नाव होतं. ते उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले की सदर विवाह घाईत मंजूर झाला होता. खजिनदारांनी अनुमोदन दिलं आणि ठराव सर्वानुमते मंजूर झाला. चादरींचं काय करायचं यावर थोडी चर्चा झाली आणि त्या वसतिगृहाला द्याव्यात असं ठरलं. सही-शिक्क्याची प्रत श्रीदेवीला देण्यात आली.

ती प्रत घेऊन श्रीदेवी घरी आली. एवढ्या दिवसांत आईनं तिचा एक शब्द मानला नव्हता, पण सही-शिक्का असलेला कागद शिवम्मा मानायची. तिनं चष्मा लावला, खिडकीजवळ जाऊन उजेडात कागद धरला आणि वरून खालपर्यंत सावकाश वाचला. मग पुन्हा वाचला. श्रीदेवीला बरं वाटलं. आता तरी हा विषय मिटला.

शिवम्मानं चष्मा काढला. तिचे डोळे भरून आले होते.

"सर्वानुमते?" ती म्हणाली. "रद्द करू नका म्हणून एकानंसुद्धा हात वर केला नाही?"